सालबर्डीच्या अंड्यांचे वय

महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी वऱ्हाडभर ओळखले जाणारे सालबर्डी अमरावती आणि बैतूल जिल्ह्यांच्या हद्दीवर, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. २०१० नंतरच्या काही वर्षांत अमरावती विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी याच परिसरातल्या लामेटा नावाच्या गाळथरांतून डायनासोरच्या पुढच्या पायाचे हाड आणि अंड्यांचे घरटे नोंदवले. ही अंडी किती जुनी, असे विचारले की बहुतेकांच्या तोंडी ‘कार्बन डेटिंग’ येते. पण किरणोत्सारी कार्बन दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो आणि साधारण ५० हजार वर्षांनंतर मोजण्याजोगा उरतच नाही. या अंड्यांचे वय शोधायचे तर त्यांच्यावर पसरलेल्या काळ्या कातळाकडे, म्हणजे आपण खदानीतून काढून गिट्टी करतो त्या बेसाल्टकडे वळावे लागते. लाव्हा वितळलेला असताना त्यातला अरगॉन वायू निसटून जातो. दगड थिजला की आतल्या पोटॅशियम-४० पासून नवा अरगॉन तयार होऊन स्फटिकांत अडकू लागतो. पोटॅशियम-४० निम्मे व्हायला सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. त्यामुळे दोन्हींचे प्रमाण मोजले की दगड कधी थिजला ते कळते.

मात्र हे वय दगडाचे असते, अंड्याचे नव्हे, आणि बातम्यांत नेमका हाच फरक पुसला जातो. दिवाळीला सारवलेल्या जमिनीच्या पोपड्याखाली नाणे सापडले, तर ते दिवाळीआधी पडले एवढेच नक्की. किती आधी, हे सारवण सांगत नाही. दोन लाव्हाथरांच्या मधे गाळ साचला असेल तर वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा मिळतात. सालबर्डीचा लामेटा थर तसा नाही. त्याच्यावर बेसाल्ट आहे, पण खाली गोंडवना काळातले फार जुने खडक आहेत. म्हणजे झाकण आहे, तळ जवळपास नाही. अंडी क्रिटेशस युगाच्या अखेरच्या टप्प्यातली मानतात ती लामेटातल्या एकूण जीवाश्मांवरून.

इथे एक आक्षेप रास्त आहे: जीवाश्मांवरून खडकाचे वय आणि खडकावरून जीवाश्मांचे, हे तर्काचे चक्रच नाही का? दख्खनमध्ये हा वाद खरोखर झाला. छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलान इथल्या वनस्पती-अवशेषांवरून पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी लाव्हांमधले थर तृतीयक, म्हणजे डायनासोरांनंतरचे ठरवले. पुढे नागपूरच्या टाकळीच्या अशाच थरांत डायनासोरच्या अंड्यांची कवचे मिळाली. केवळ जीवाश्म हाताशी असते तर भांडण मिटले नसते. अणूंना मात्र झाडही ठाऊक नसते आणि डायनासोरही. १९८६ आणि १९८८ साली चुंबकीय नोंदी व अरगॉन-कालमापनाने दाखवले, की लाव्हाचा मोठा भाग क्रिटेशसच्या अखेरच्या सीमेलगत, भूशास्त्राच्या मानाने झटपट ओतला गेला. सीमा उद्रेकांच्या काळातच येत असल्याने काही थर तिच्याआधीचे आणि काही नंतरचे असू शकतात.

दुसरा आक्षेप घड्याळावरच आहे, आणि तोही निराधार नाही. जुन्या पोटॅशियम-अरगॉन मोजण्यांत दख्खनची वये ३ कोटींपासून ८ कोटी वर्षांपर्यंत विखुरली होती. किरणोत्सर्गाचा वेग काही बदलला नव्हता. खडक झिजला की अरगॉन गळतो आणि दगड तरुण भासतो, जुना अरगॉन आत राहिला की म्हातारा. म्हणून आता नमुना टप्प्याटप्प्याने तापवून प्रत्येक टप्प्यावरचा वायू तपासतात; टप्पे एकमेकांशी जुळले नाहीत तर ते वय बाद. झिरकॉन या खनिजाच्या कणात तर युरेनियमची दोन घड्याळे एकत्र चालतात: एक सुमारे ४४७ कोटी वर्षांत निम्मे होणारे, दुसरे ७० कोटी. कण बिघडला असेल तर दोघांत तफावत पडते आणि चोरी उघडकीस येते. २०१९ साली प्रिन्स्टन आणि बर्कलीच्या गटांनी सह्याद्रीतल्या लाव्हांवर अरगॉन आणि युरेनियम अशी दोन स्वतंत्र तंत्रे वापरली. सर्वांत मोठे उद्रेक क्रिटेशसच्या अखेरच्या उल्कापातापूर्वीचे की नंतरचे, यावर त्यांचे जमले नाही. पण दोघांचेही आकडे ६ कोटी ६० लाखांच्या आसपासचे आहेत आणि वाद उरला आहे तो त्यातल्या काही हजार ते काही लाख वर्षांचा. घड्याळ लहरी असते तर दोन वेगळ्या मूलद्रव्यांचे काटे इतके जवळ आलेच नसते.

तरीही सह्याद्रीचा आकडा सालबर्डीला उसना लावणे मला पटत नाही. दख्खनचा लाव्हा एका दिवशी, एका तोंडातून आलेला नाही, आणि इथल्या गाविलगडच्या डोंगराखाली पहिला थर कधी पोचला हे सह्याद्रीतला दगड सांगू शकत नाही. झाकणाचे वय हवे तर लामेटाला चिकटून असलेल्या सर्वांत खालच्या थराचा, न झिजलेला नमुना घ्यायला हवा. तळासाठी त्याच गाळात ज्वालामुखीच्या राखेचा पापुद्रा, आणि त्यात झिरकॉन, शोधावा लागेल. तोवर सालबर्डीच्या अंड्यांपुढे पाटी लावायची तर तिच्यावर ‘वरच्या बेसाल्टहून जुनी’ एवढेच लिहावे.