अजिंक्य मल्ल आणि मुष्टियोद्धे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कुस्ती आणि बॉक्सिंग या दोन्ही खेळांत काही नावांना ‘अजिंक्य’ हे विशेषण कायमचे चिकटले आहे. गामा पैलवान, सतपाल, रॉकी मार्सियानो, माइक टायसन ही त्यांतली ठळक नावे. महाराष्ट्रात तालमींची परंपरा जुनी, त्यामुळे अशा मल्लांच्या कुस्त्यांच्या हकिकती घरोघरी सांगितल्या जातात आणि सांगता सांगता त्यांत भरही पडते. या हकिकती नोंदींशी ताडून पाहिल्या, तर मल्लांचे मोठेपण उणावत नाही. ते नेमके कशात होते, ते स्पष्ट होते.

गामाने आयुष्यात प्रत्येक कुस्ती चितपट जिंकली, असे सर्रास सांगितले जाते. तो कोणाकडून हरला नाही, हे खरे. पण न हरणे आणि प्रत्येक वेळी जिंकणे यांत फरक आहे. रहीमबक्ष सुलतानीवाला या उंचापुऱ्या मल्लाशी त्याच्या सुरुवातीच्या कुस्त्या बरोबरीत सुटल्या होत्या. 1910 च्या ऑगस्टमध्ये लंडनला त्याने अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला हरवले. पुढची कुस्ती 10 सप्टेंबरला पोलंडच्या स्टानिस्लॉस झ्बिस्कोशी झाली आणि ती 2 तास 35 मिनिटे चालूनही निकाली निघाली नाही. झ्बिस्कोने बहुतेक वेळ पोटावर पडून, जमिनीला चिकटून काढला. गामाला त्याची पाठ लावता आली नाही. 17 सप्टेंबरला ही कुस्ती पुन्हा व्हायची होती, पण झ्बिस्को आलाच नाही आणि मानाचा ‘जॉन बुल’ पट्टा गामाला मिळाला. म्हणजे जो विजय सर्वाधिक गाजला, तो प्रतिस्पर्धी गैरहजर राहिल्याने मिळालेला होता. त्या बरोबरीचा हिशेब 1928 मध्ये पतियाळात पुरा झाला. पन्नाशीला टेकलेल्या गामाने जवळजवळ त्याच वयाच्या झ्बिस्कोला एका मिनिटाच्या आत चितपट केले. अडीच तासांची बरोबरी आणि मिनिटाभरातला निकाल, हे दोन्ही एकाच जोडीचे आहेत. गामाचे सामर्थ्य समजून घ्यायचे तर त्यांतली बरोबरीची कुस्ती गाळून चालत नाही.

निष्कलंक आकडा हाच श्रेष्ठत्वाचा पुरावा, ही समजूत बॉक्सिंगमध्ये अधिक पक्की आहे. हेवीवेट विजेता मार्सियानो 49 लढती लढला आणि सर्व जिंकून निवृत्त झाला. त्यांतल्या 43 लढती त्याने नॉकआउटने जिंकल्या. हा आकडा अस्सल आहे, पण एकटा आकडा प्रतिस्पर्ध्याचे वय सांगत नाही. 1951 मध्ये मार्सियानोने जो लुईसला हरवले तेव्हा लुईस 37 वर्षांचा होता आणि त्याचा बहर ओसरला होता. याउलट लुईसच्या नावावर 1936 मध्ये मॅक्स श्मेलिंगकडून झालेला पराभव आहे. तरीही 1937 ते 1949 या काळात त्याने विश्वविजेतेपद सलग 25 वेळा राखले. पराभव असलेली अशी कारकीर्द पराभवाविना संपलेल्या कारकिर्दीपेक्षा लहान ठरत नाही.

एका आखाड्यात अजिंक्य असलेला मल्ल सगळीकडेच अजिंक्य असणार, हा गैरसमज महाराष्ट्राला जवळचा आहे. महाराष्ट्र केसरी स्पर्धा 1961 पासून भरते. माती आणि गादी अशा दोन्ही विभागांतले विजेते शेवटी मानाच्या गदेसाठी एकमेकांशी भिडतात. मुंबईच्या नरसिंग यादवने 2011, 2012 आणि 2013 अशी सलग तीन वर्षे ही गदा जिंकली. याच काळात, 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, कॅनडाच्या मॅट जेन्ट्रीने त्याला पहिल्याच लढतीत हरवले. त्यावरून ‘केसरी’ नुसता नावाचा, असे म्हणणे अन्यायाचे आहे. तेव्हाच्या नियमांनुसार फ्रीस्टाइलची लढत दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्यांची असे. प्रत्येक फेरीचे गुण वेगळे मोजत आणि तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी ठरे. अशा लढतीत एखाद्या गुणाने फेरी हातची जाते आणि सावरायला वेळ उरत नाही. गामा आणि झ्बिस्को अडीच तास झुंजले, तसा अवधी या मल्लांना नव्हताच. पुढे 2015 च्या जागतिक स्पर्धेत नरसिंगने 74 किलो गटात कांस्यपदक मिळवले.

माती आणि मॅट यांतले अंतर खाशाबा जाधवांनाही ओलांडावे लागले. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. 1952 मध्ये हेलसिंकीला त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. खाशाबांना तिथे कोणी हरवूच शकले नाही, असेही काही जण अभिमानाने सांगतात. प्रत्यक्षात जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव यांच्याविरुद्धच्या कुस्त्या त्यांनी गमावल्या; याच दोघांनी अनुक्रमे सुवर्ण आणि रौप्य मिळवले. मॅटचा सराव दुर्मीळ असलेल्या देशातून गेलेला मल्ल जगातल्या पहिल्या तिघांत बसला, ही वस्तुस्थिती कोणत्याही अतिशयोक्तीहून मोठी आहे.

अजिंक्य वाटणारा योद्धा हरला की त्याने सराव सोडला असेल, तो माजला असेल, असा निष्कर्ष लगेच निघतो. 11 फेब्रुवारी 1990 रोजी टोकियोत टायसन हरला तेव्हा हेच झाले. त्याआधीच्या 37 लढती त्याने जिंकल्या होत्या. त्याची तयारी ढिली होती, यात तथ्य आहे. पण त्याला हरवणाऱ्या बस्टर डग्लसचे श्रेय त्यात पार बुडून जाते. डग्लसच्या हातांचा फैलाव टायसनपेक्षा सुमारे 12 इंच जास्त होता. सरळ ठोशांनी त्याने टायसनला सतत लांब ठेवले, जवळ घुसून मारण्याची संधी फारशी दिली नाही. आठव्या फेरीत खाली पडूनही तो उठला आणि दहाव्या फेरीत त्याने टायसनला नॉकआउट केले. हरणाऱ्याच्या चुका मोजताना जिंकणाऱ्याची आखणीही मोजावी लागते.

एका पराभवाने कारकीर्द संपते, हाही समज टिकत नाही. 1971 मध्ये जो फ्रेझरकडून हरलेल्या मोहम्मद अलीने 1974 मध्ये किन्शासात जॉर्ज फोरमनला नॉकआउट केले. फोरमन तोवर 40 लढतींत एकदाही हरला नव्हता. आपल्याकडचे उदाहरण सतपालचे आहे. सत्तरच्या दशकात गुरू हनुमान यांच्या आखाड्यातला हा मल्ल देशात कोणाला आवरेना. 1977 मध्ये बेळगावच्या मैदानात लातूरच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी त्याला हरवले आणि ती कुस्ती आजही वस्ताद मंडळी सांगतात. बिराजदार काही नवखे नव्हते. 1970 च्या राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक त्यांच्या नावावर होते. या पराभवानंतर पाच वर्षांनी, 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत, सतपालने 100 किलो गटात सुवर्णपदक पटकावले. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने सुशील कुमारला घडवले. सुशीलने 2008 मध्ये बीजिंगला कांस्यपदक मिळवले. खाशाबांनंतर तब्बल 56 वर्षांनी भारताला कुस्तीत मिळालेले ते पहिलेच ऑलिंपिक पदक होते.