फायरशीप: दोन क्लिकमध्ये दुसऱ्याचे खाते

ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे भरलेल्या टूरकॉन परिषदेत एरिक बटलर या प्रोग्रामरने ‘फायरशीप’ हे फायरफॉक्स ब्राउझरचे एक्स्टेन्शन सर्वांसाठी मोफत खुले केले. कॅफेतल्या बिनपासवर्डच्या वायफायवर ते चालू केले, की तिथेच फेसबुक किंवा ट्विटर वापरत बसलेल्या अनोळखी माणसांची नावे आणि फोटो ब्राउझरच्या कडेच्या पट्टीत उमटू लागत. फोटोवर डबल क्लिक केले, की त्या माणसाचे खाते उघडे. पासवर्ड लागतच नसे.

दोष संकेतस्थळांच्या रचनेत होता. लॉगिन करताना पासवर्ड कूटबद्ध होऊन जाई. त्यानंतर संकेतस्थळ ब्राउझरला ‘कुकी’ देई. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखी ही कुकी: ज्याच्या हाती बिल्ला, त्याच्या चपला. पुढे पान उघडताना दर वेळी ब्राउझर ती सोबत पाठवतो, आणि हा सारा प्रवास साध्या एचटीटीपीवरून, उघड्यावर होई. वायफायला पासवर्ड नसेल तर हवेतून जाणारा हा मजकूर आसपासचा लॅपटॉप सहज टिपू शकतो.

हे तज्ज्ञांना नवे नव्हते. रॉबर्ट ग्रॅहम यांनी २००७ मध्येच ब्लॅक हॅट परिषदेत असा हल्ला करून दाखवला होता. उपायही ठाऊक होता: लॉगिनपासून लॉगआउटपर्यंत सगळे एचटीटीपीएस या कूटबद्ध मार्गावर न्यायचे. त्याने सर्व्हरवर फार भार पडेल, ही सबब मात्र टिकणारी नव्हती. जानेवारी २०१० मध्ये जीमेलने सर्वांसाठी एचटीटीपीएस लागू केले, तेव्हा गूगलला त्यासाठी एकही जादा यंत्र बसवावे लागले नाही.

बटलर यांनी चोरीचे अवजार कोणाच्याही हाती दिले, अशी टीका झाली. ती खोटी नव्हती. दुरुस्ती होईपर्यंत सामान्य वापरकर्त्यांचा धोका खरोखरच वाढला. पण सराईत चोरांना ही विद्या आधीपासून अवगत होती आणि वर्षानुवर्षे इशारे देऊनही कंपन्या हलल्या नव्हत्या. आपलाच फोटो शेजारच्या टेबलावरच्या पडद्यावर दिसू शकतो हे कळल्यावर साध्या माणसालाही प्रश्नाचे गांभीर्य पटले. त्यामुळे बटलर यांचे पाऊल समर्थनीयच ठरते.

जानेवारी २०११ मध्ये फेसबुकने आणि मार्चमध्ये ट्विटरने संपूर्ण वापरासाठी एचटीटीपीएसचा पर्याय दिला. हा पर्याय सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतः निवडावा लागे, म्हणजे ज्यांना धोक्याची कल्पनाच नव्हती ते उघडेच राहिले. ही त्रुटी ट्विटरने २०१२ मध्ये आणि फेसबुकने २०१३ मध्ये दूर केली. एचटीटीपीएस आपोआप लागू झाले आणि या दोन संकेतस्थळांपुरते फायरशीप निरुपयोगी ठरले.