उसाच्या फडात डोळे सांभाळा



आपल्याकडे गॉगल घालावा तो नवरदेवाने, नाही तर नागनाथाच्या यात्रेत एखाद्या हौशी पोराने. चाळिशी ओलांडलेला माणूस गॉगल लावून बांधावर उभा राहिला, की शेजारचा हमखास विचारणार, "काय तात्या, सिनेमात चाललाय का?" तात्या बिचारे ओशाळतात, गॉगल खिशात टाकतात आणि कपाळावर आडवा हात धरून सरीतले पाणी कुठवर पोचले ते बघतात. तो आडवा हातच सांगत असतो, की डोळ्याला ऊन सोसवत नाही.

"आमचा आजा कुठं गॉगल लावत होता?" असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण आज्याचे रान निराळे होते. मोहोळ तालुका हा मूळचा रब्बी ज्वारीचा मुलूख. मालदांडी ३५-१ हे नावाजलेले वाण निवडले गेले ते मोहोळच्याच संशोधन केंद्रात. ज्वारीची मळणी उरकली, की चैत्र-वैशाखात रानात फारसे काम नसे. माणूस दुपारचा लिंबाखाली बसे. पुढे १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले, कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला आणि भर उन्हाळ्यात दारं धरणे आपल्या नशिबी आले. कालव्याची पाळी काही ऊन बघून येत नाही. आणि साधारण ११ मेच्या सुमारास तर आपल्या भागात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावलीसुद्धा क्षणभर नाहीशी होते. म्हणजे उसाने आपल्या घरात पैसा आणला तसे डोळ्यांवर ऊनही आणले. याचा हिशेब मात्र आपण मांडत नाही.

ऊन डोळ्याला काय करते?

उन्हात आपल्याला दिसणारा उजेड असतो, अंगाला लागणारी उष्णता असते आणि तिसरे, न दिसणारे अतिनील किरण असतात. डोळ्याचा खरा वैरी हा तिसरा. तो चटका देत नाही, म्हणून कळत नाही. आभाळात पातळ ढग असले तरी तो खाली येतो. एका दिवसाच्या उन्हाने डोळे लाल होतात, चुरचुरतात, रात्री झोपल्यावर बरे वाटते. पण वर्षानुवर्षे हे किरण डोळ्यात गेले, तर बुबुळाकडे सरकणारे मांस, म्हणजे वडस, वाढू लागते. आतले भिंग हळूहळू गढूळ होऊन मोतीबिंदू लवकर येण्याचा धोकाही वाढतो.

मोतीबिंदू केवळ उन्हाने होतो असे मात्र नव्हे. वय, मधुमेह, बिडी-सिगारेट ही कारणे आहेतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मोतीबिंदूने आलेल्या अंधत्वापैकी सुमारे १० टक्क्यांपर्यंत वाटा उन्हाचा असू शकतो. वय कोणाला थांबवता येत नाही. ऊन मात्र अडवता येते. आपल्या देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या पाहणीत, पन्नाशीच्या पुढच्या अंध माणसांपैकी ६६ टक्क्यांना अंधत्व आले होते ते शस्त्रक्रिया न केलेल्या मोतीबिंदूमुळे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बारा वाजता ऊन डोक्यावर असते, तेव्हा भुवई आणि टोपी डोळ्याला थोडी सावली देतात. सकाळी आठ ते दहा आणि दुपारी दोन ते चार या वेळात तिरपे ऊन सरळ डोळ्यात घुसते. आपण मात्र "आता ऊन उतरलं" म्हणून नेमके त्याच वेळी रानात जातो.

गॉगल कोणता घ्यावा?

काच जितकी काळी तितकी चांगली, ही समजूत चुकीची आहे. नुसता काळा रंग अतिनील किरण अडवीलच असे नाही. उलट काळ्या काचेमागे अंधार वाटून डोळ्याची बाहुली मोठी होते आणि काच साधी असेल तर किरणांना वाट जास्त मोकळी होते. असा गॉगल नसलेला बरा. म्हणून घेताना एवढे पाहावे:

१. "यूव्ही ४००" अशी इंग्रजी खूण आहे का ते पाहावे. खूण कोणीही छापू शकतो, म्हणून खात्रीच्या चष्मेवाल्याकडून घ्यावा. काहींकडे तपासणीचे यंत्र असते, त्यावर तपासून मागावा.

२. काच मोठी आणि बाजूने वळलेली असावी. बारीक काचेच्या कडेने ऊन आत येतेच.

३. पोलरॉइड काचेमुळे पाण्यावरची तिरीप कमी होते, दारं धरताना बरे वाटते. पण तिच्यावरही यूव्ही ४०० असलेच पाहिजे.

४. नंबरचा चष्मा असेल तर त्याच नंबरात अशी काच करून घ्यावी.

५. रात्री मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवताना काळा गॉगल मुळीच लावू नये. तसेच सूर्यग्रहण यातून पाहू नये.

गॉगलबरोबर रुंद काठाची टोपी किंवा कपाळावर पुढे ओढलेला पटका असावा. ही जोडी मोडू नये.

पात्याचा मार

उभ्या उसात शिरताना काळ्या काचेने दिसत नाही. तिथे पॉलिकार्बोनेटचा बिनरंगी संरक्षक चष्मा वापरावा. हे प्लॅस्टिक रंग नसतानाही अतिनील किरण अडवते आणि स्वस्त मिळते. शिवाय उसाच्या पात्याचा मार त्यावर बसतो, डोळ्यावर बसत नाही. पाते करवतीसारखे असते. बुबुळावर ओरखडा उठला आणि त्यातून बुरशी शिरली, तर बुबुळावर जखम चिघळून फूल पडते, प्रसंगी डोळा जातो. अशा वेळी दूध, मध, कसला पाला असले काही घालू नये. मेडिकलमधून मनाने ड्रॉप आणू नयेत, स्टिरॉइडचे ड्रॉप असतील तर बुरशी आणखी बळावते. स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, चोळू नये आणि त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवावे.

तोडणीवाल्यांचे काय?

आपण निदान बांधावर असतो. तोडणीचा गडी आणि त्याची कारभारीण महिनोन् महिने दिवसभर फडात वाकलेली असतात, पाते तोंडावर येते, वरून ऊन. कोयत्याला धार पाहिजे हे आपण जाणतो. कोयता चालवणाऱ्याच्या नजरेची काळजी कोण घेणार? टोळी आपल्या फडात उतरली, की प्रत्येकाला एकेक बिनरंगी चष्मा द्यावा. एका खेपेच्या वाहतुकीपुढे हा खर्च काहीच नाही. आणि येत्या वार्षिक सभेत हा विषय कोणी तरी सभासदाने मांडावा, अशी आमची सूचना आहे.

चाळिशीनंतर वर्षातून एकदा डोळे तपासावेत. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. "पिकू द्या, मग बघू" म्हणत बसू नये. पिकू द्यायचा तो ऊस.

तेव्हा उद्या तात्या गॉगल लावून बांधावर दिसले, तर हसू नका. कुठे घेतला, काच तपासून घेतली का, एवढे मात्र जरूर विचारा.