दिवसाला २७४ प्रवाशांचं स्टेशन

वर्षाचे १ लाख प्रवासी ३६५ दिवसांत वाटले की रोजचे २७४ होतात. रेल्वेच्या सध्याच्या वर्गवारीत इथपर्यंतचा हॉल्ट ‘एचजी-३’, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवर. उपनगरी स्थानकांचा वरचा वर्ग सुरू होतो अडीच कोटींच्या पुढे. रोजचे ६८ हजार, तब्बल २५० पट.

एवढ्या थोड्या माणसांसाठी स्टेशनमास्तर परवडत नाही. म्हणून हॉल्टवर ना सिग्नल, ना सांधे. एक फलाट, पिवळी पाटी, फार तर शेड. तिकिटं कमिशनवरचा एजंट विकतो, काही मार्गांवर गार्डच. लोकल असेल तर गार्ड दोनदा घंटी देतो आणि मोटरमन गाडी काढतो. संपलं स्टेशन.

मुंबईच्या लोकलमार्गावर अशी छोटी ठिकाणं बघायची तर कर्जत-खोपोली फाट्यावर जावं. साधारण १५ किलोमीटर एकेरी रूळ. कर्जत सोडलं की पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. सरासरी दर तीन किलोमीटरला एक स्थानक. पण हा मार्ग या गावांसाठी टाकलाच नव्हता. बोरीबंदर-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ला धावली आणि जेमतेम तीन वर्षांत, १८५६च्या मे महिन्यात, जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वे खोपोलीला पोचली. समोर बोरघाट उभा. वरच्या अंगाला खंडाळा-पुणे गाडी १४ जून १८५८ला सुरू झाली. मधला घाट मात्र पुढची पाच वर्षं पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडीनं चढायचा. म्हणजे मुंबई-पुणे प्रवासातलं खोपोली हे बदलीचं मोठं ठाणं होतं!

घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ. १८६१मध्ये तिथं ४२ हजारांवर मजूर राबत होते. एकूण मृत्यूंचा अंदाज २५ हजारांच्या घरात जातो. १८६३मध्ये घाटातून गाडी सुरू झाली, पुण्याची वाट पळसदरीहूनच वर वळली आणि खोपोली आडबाजूला पडली. केळवली-लौजीला आज लोकल थांबते ती या जुन्या रुळांच्या पुण्याईवर. नुसत्या २७४ माणसांसाठी नवा रूळ कोणी टाकत नाही.

जुन्नर तालुक्यातल्या निमगाव सावाच्या वाचकांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. जुन्नर-आंबेगावात अजून रूळ नाही. महारेल या रेल्वे कंपनीच्या पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आराखड्यात २३५ किलोमीटरला २४ स्थानकं होती, म्हणजे सरासरी दहा किलोमीटरला एक, आणि वेग ताशी २०० किलोमीटर. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कारणावरून रेल्वे मंत्रालयानं त्या मार्गाला हरकत घेतली. मार्ग कुठूनही जावो, २००च्या वेगानं धावणारी गाडी दर तीन किलोमीटरला थांबणार नाही. तेव्हा मागणी करायचीच तर नुसत्या मार्गाची करू नका. त्याच रुळांवर सगळीकडे थांबणारी पॅसेंजर आणि गावोगावचे हॉल्टही आराखड्यात लेखी मागून घ्या.