जीप आधी थांबली पाहिजे

धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीच्या शिवारात पावसाळ्यात गाडी घातली की चाकांना काळी माती धरते आणि सुटता सुटत नाही. असल्या रस्त्यांसाठीच जीप. महिंद्राने स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. १९५३ मध्ये अमेरिकेत आलेलं उंच बॉनेटचं सीजे-३बी तिकडे १९६८ मध्ये बंद झालं, आपल्याकडे मात्र पुढेही बनत राहिलं. त्याच घराण्यातल्या लांब गाड्या मराठवाड्यात काळी-पिवळी म्हणून धावल्या.

आता गोठ्यामागे वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या जीपा हौसेने बाहेर निघतात. पैसा आधी रंगाला, मग टायरला, मग इंजिनाला जातो, ब्रेकला उरलंसुरलं. खरं तर कामाची सुरुवातच तिथून व्हायला हवी.

या जीपचा मास्टर सिलिंडर बॉनेटखाली नसून ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीला बसवलेला असतो. ऑइल बघायचं तर फ्लोअरवरचं झाकण काढावं लागतं, म्हणून ते कुणी बघत नाही. चारही चाकांना नऊ इंची ड्रम आणि सगळ्यांना दाब पोचवणारी लाइन एकच. हल्लीच्या गाड्यांत दोन स्वतंत्र लाइन असतात. इथे एक होज फुटला की चारही ब्रेक गेले.

उभ्या गाडीचा पहिला शत्रू ओल. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि सिलिंडर आतून गंजतो. अशा खड्डे पडलेल्या सिलिंडरमध्ये नवं किट घातलं तर रबरी कप घासून फाटतो आणि थोड्याच दिवसांत गळती पुन्हा सुरू. म्हणून उजेडात धरून आत बघायचं, नख फिरवायचं. नख अडलं की सिलिंडर बदलायचा, नाहीतर स्लीव्ह घालून घ्यायची. कपांना डिझेल किंवा इंजिन ऑइलचा हातही लागू द्यायचा नाही. रबर फुगतं आणि ब्रेक धरून बसतो.

मग ड्रम उतरवायचे. जुन्या लायनरच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे हवा मारून ती उडवायची नाही. ओली करून पुसायची. ड्रमला चरे असतील तर लेथवर मारून घ्यायचे. एक्सलचं सील गळत असेल तर ते आधी बदलायचं, नाहीतर नवे लायनर तेलाने वाया जातात. शू बसवताना लांब लायनरचा शू पुढच्या बाजूला येतो. गाडी पुढे जात असताना ड्रमच त्याला आपल्याकडे ओढून घेतो, म्हणून जास्त काम तोच करतो. अदलाबदल झाली तर सगळं नवं असूनही ब्रेक ढिला लागतो.

खरी कारागिरी सेटिंगमध्ये. शूच्या खालच्या पिना एका बाजूला फुगीर असतात. त्या फिरवून शू आणि ड्रममधली फट जमवायची. फीलर गेजने खाली पाच थाऊ (इंचाचे हजारावे भाग), वर आठ थाऊ. पेडलला अर्धा इंच मोकळी चाल ठेवायचीच. ती नसेल तर मास्टर सिलिंडरमधलं बारीक छिद्र झाकलेलं राहतं, तापलेलं ऑइल परत यायला वाट मिळत नाही आणि चाकं आपोआप जाम होत जातात.

शेवटी हवा काढणं. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या जीपला सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून, कारण ते मास्टरपासून सगळ्यात लांब. एक जण सीटवर, एक चाकाशी. ‘मार, मार, धर!’ म्हटलं की निपल सोडायचा, बाटलीतले बुडबुडे बघायचे, आणि पेडलवरचा पाय उचलायच्या आत निपल आवळायचा.

हँडब्रेकची तऱ्हा निराळीच. तो मागच्या चाकांवर नाही, गिअरपेटीमागे प्रोपेलर शाफ्टवर आहे. त्यामुळे मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमधून ते मोकळं फिरतं आणि ओढलेला हँडब्रेकही गाडी धरत नाही. जीपखाली जाण्याआधी बाकीच्या चाकांना दगड लावायचे आणि गाडी घोड्यांवर ठेवायची, ते याचसाठी.

सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत मिळतात. हरियाणातल्या मंडी डबवालीत तर अख्खी जीप बांधून मिळते. पण थाऊचं माप आणि अर्ध्या इंचाची चाल कुठल्या दुकानात मिळत नाही. ती जमवल्यावर पेडल मिनिटभर दाबून धरावं. ते खाली बसत नसेल तर मोकळ्या रस्त्यावर, सावकाश, पुन्हा पुन्हा थांबून बघावं. गाडी एका बाजूला ओढत असेल तर चाकांचं सेटिंग परत करावं. रंगवाल्याला बोलवायचं ते त्यानंतर.