दहा पिशव्यांपासून सुरुवात : घरच्या घरी धिंगरी

वडूज येरळेच्या काठी वसलेले असले, तरी खटाव तालुका पर्जन्यछायेचा. पाण्याची चणचण इथल्या घरांना नवी नाही. ज्यांना रान आहे ते आभाळाकडे पाहतात. ज्यांना रानच नाही, त्या घरातल्या भगिनींनी चार पैशांची हलाल कमाई कशी करावी? धिंगरी अळिंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, हे त्याचे एक उत्तर आहे. तिला जमीन लागत नाही, पाणीही थोडेच लागते. मात्र हवा दमट लागते, आणि आपल्याकडे कमी असते ती तीच. म्हणून पावसाळा ते हिवाळा हाच हंगाम धरा. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत हा उद्योग करू नये.

गव्हाचे काड किंवा सोयाबीनचे भुसकट घ्या. ते कोरडे, नवे आणि न भिजलेले असावे. जनावरांच्या तोंडचा कडबा यासाठी वापरू नका. काडाचे दोन इंचांचे तुकडे करून पोत्यात भरा आणि रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवा. नंतर स्वच्छ जागी निथळत ठेवा. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये.

आता प्लॅस्टिकच्या पिशवीत काडाचा थर, त्यावर बियाणे, पुन्हा काड, असे चार-पाच थर भरा. एक किलो बियाणे साधारण दहा पिशव्यांना पुरते. तोंड बांधून सुईने २५-३० छिद्रे पाडा आणि पिशव्या अंधाऱ्या खोलीत ठेवा. पंधरा ते वीस दिवसांत काड पांढऱ्या धाग्यांनी भरते. मग प्लॅस्टिक कापून काढा. आता खोलीत मंद उजेड आणि खेळती हवा हवी. खिडकीला ओले गोणपाट लावा, दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा फवारा मारा. काही दिवसांत कोंब दिसतात आणि पुढच्या तीन-चार दिवसांत धिंगरी काढायला येते. एका पिशवीतून आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन तोडे मिळतात. एक किलो कोरड्या काडामागे अर्धा ते पाऊण किलो ताजी धिंगरी मिळाली, तर काम चांगले झाले समजा.

हिरवी बुरशी दिसली की ती पिशवी लगेच खोलीबाहेर काढा. कडा वर वळण्याआधीच तोडणी करा, कारण उशीर झाला की बारीक बीजकण हवेत उडतात. त्याने खोकला, दमा वाढू शकतो. म्हणून निजायच्या खोलीत पिशव्या टांगू नका. घरात दम्याचे माणूस असेल तर हा उद्योग घराबाहेरच्या खोलीतच करावा.

घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, हे खावे का? खावे. सहीह बुखारीत ‘कमअ’ या जमिनीतल्या अळिंबीचा उल्लेख आहे. पण ती धिंगरी नव्हे. त्या हदीसच्या आधारे धिंगरीला औषध म्हणून विकणे बरोबर नाही. रानातली अनोळखी छत्री मात्र कधीच खाऊ नका.

खरी जोखीम विक्रीत आहे. ताजी धिंगरी एक-दोन दिवसांतच मलूल होते. त्यामुळे आधी शेजारी, नातेवाईक, भाजीवाले यांना विचारा, मगच पिशव्या भरा. उरलेली वाळवा, दहा किलोची एक किलो होते, पण टिकते. ‘सगळा माल आम्हीच परत घेऊ’ असे सांगून महागडे साहित्य गळ्यात मारणाऱ्यांपासून सावध राहा. व्यवहार लिहून घ्या, कुरआनची शिकवणही तीच आहे. दागिना मोडून किंवा कर्ज काढून सुरुवात नकोच. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचे संशोधन केंद्र आहे. बियाणे आणि प्रशिक्षणाची चौकशी तिथे करा.

पहिल्या खेपेला दहाच पिशव्या भरा. पाच-सहा किलो माल निघेल. थोडा घरात शिजेल, थोडा विकला जाईल, आणि आपल्या खोलीची हवा कशी आहे तेही कळेल. उरलेले काड कुजवून परसातल्या झाडांना घाला. दुसऱ्या खेपेला पिशव्या वाढवायच्या की नाही, हे मग वहीतला जमाखर्चच सांगेल.