बारा टक्क्यांच्या काळातला सल्ला

पहिला पगार झाला की पोस्टात पीपीएफचं खातं, ओळखीच्या एजंटाकडून एलआयसीची पॉलिसी आणि जमल्यास लग्नाआधी फ्लॅटचं बुकिंग. मराठी मध्यमवर्गात विशीतल्या मुलांना हा सल्ला इतका सरसकट दिला गेला की त्यामागचं गणित तपासायची गरज कुणाला वाटली नाही. १९८६ ते जानेवारी २००० पीपीएफवर १२ टक्के व्याज होतं, म्हणजे साधारण सहा वर्षांत पैसे दुप्पट. १९८८मध्ये आलेलं किसान विकास पत्र तर साडेपाच वर्षांत दामदुप्पट देई. सरकारी नोकरी असेल तर वर पेन्शन, त्यामुळे गुंतवणुकीत चुकलं तरी म्हातारपणी हात पसरावे लागत नसत. वडीलधाऱ्यांची काटकसर खरीच होती, पण तिला सरकारने ठरवलेल्या व्याजाचा टेकूही होता. तो टेकू पुढच्या काही वर्षांत निघाला. जुलै २००१मध्ये यूटीआयने आपल्या यूएस-६४ या म्युच्युअल फंड योजनेच्या युनिटांची पुनर्खरेदी गोठवली आणि निर्धास्तपणाला पहिला तडा गेला. २००३मध्ये पीपीएफ ८ टक्क्यांवर आलं, १ नोव्हेंबर २००५पासून राज्य सरकारच्या सेवेत येणाऱ्यांना जुनी पेन्शन बंद झाली. एप्रिल २०२०पासून पीपीएफचा दर ७.१ टक्के आहे. या दराने पैसे दुप्पट व्हायला दहा वर्षं लागतात. सल्ला मात्र शब्दशः तोच राहिला.

यावर कुणी म्हणेल, १९९१ साली महागाईच तेरा टक्क्यांच्या पुढे होती, मग बारा टक्क्यांत हाती काय उरत होतं? त्या वर्षापुरतं हे बरोबर आहे. पण १९९९मध्ये महागाई पाच टक्क्यांच्या आसपास उतरली तरी व्याज बाराच होतं, आणि पेन्शनवाल्याला महागाई भत्ता वेगळा. दुसरा आक्षेप जास्त जोरात घेतला जातो: आजच्या पोरांना धीरच नाही. सेबीच्या २०२४च्या अभ्यासाचा त्याला आधारही देता येईल. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांनी पैसे घालवले, आणि तिशीच्या आतल्यांचा वाटा एका वर्षात ३१वरून ४३ टक्क्यांवर गेला. पण हे पाऊल केवळ उतावळेपणाचं नव्हे. घरच्यांच्या वाटेने गेलं तर महागाईपुढे जेमतेम टिकतं, हे या मुलांना मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरने केव्हाच दाखवलंय. मग ती थेट दुसऱ्या टोकाला जातात. विमा आणि गुंतवणूक वेगळी ठेवा, टर्म इन्शुरन्स घ्या, दरमहा इंडेक्स फंडात थोडे घाला, असं सांगणारं घरी सहसा कुणी नसतं. एजंटाला त्यात फारसं कमिशन सुटत नाही, आणि काकांनी तर तो फंड कधी घेतलेलाच नसतो.